बदकवाल्या आजीचा आवाज

कुंदा मावशी, सिनेमातल्या त्या बदकवाल्या आजीनं कुठली मराठी बोलायची, हे आपलं ठरलंच नाही. तू 'बोलू मंग' म्हणालीस, डब्याची पिशवी उचललीस आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला निघून गेलीस. फोन तिथूनच आला. पुढचं सगळं तुझ्या मुलाला, निखिलला, आम्ही वेगवेगळ्या तोंडांनी इतक्यांदा सांगितलंय की आता ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं वाटतं. ते मला पुन्हा सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुढे न्यायचंय. तू गेलीस तरी शोचा शनिवार यायचा तो आलाच, आणि कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये माईक माझ्या एकटीच्या हातात होता.

तुला आठवतं, मी तुझ्याकडे राहायला कशी आले? सनीव्हेलच्या मराठी ग्रुपवर मी रूम शोधत होते. सगळ्या जाहिराती सारख्याच. प्युअर व्हेज, फॅमिली टाइप, 'आपल्यातली' मुलगी हवी. त्यात तुझी एकच ओळ मराठीत होती: 'एक खोली आहे. स्वयंपाकघरात सगळं शिजतं, नाकाला विचारून या.' मी नाकाला विचारलं नाही. त्या ओळीला हसले आणि आले. तू दार उघडलंस तेव्हा घरभर झिंग्यांचा वास होता. पुण्याच्या आमच्या घरात असा वास कधी आला नव्हता. माझा चेहरा कसा झाला असेल ते तुलाच माहीत. तू पाणी दिलंस, खोली दाखवलीस, दाराची कडी आतून लावून, पुन्हा उघडून दाखवलीस. म्हणालीस, "ही नीट लागते. मी टकटक केल्याशिवाय येणार नाही. तूही नको येऊ." नाव विचारलंस. मी 'सई' म्हणाले. पुढे काही विचारलंच नाहीस. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

का विचारलं नाहीस, ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. तू ते एखाद्या सिनेमातला सीन सांगावा तसं सांगितलंस. तू तरुण होतीस, नागपूरहून पुण्यात नोकरीला आली होतीस. घरमालकीणबाईंना तू आवडलीस. खोली दाखवली, चहा टाकला, कुलूप कसं अडकतं तेही सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं. मग त्यांना आठवलं की पुढच्याच आठवड्यात त्यांचा भाचा राहायला येणार आहे. "चहा मात्र संपवू दिला हं," तू म्हणालीस. "तेवढं माणूस चांगलं." आणि हसलीस. मला हसता आलं नाही. मी कपाकडे बघत राहिले. तू म्हणालीस, "अगं, हस ना. मी इतकं रंगवून सांगून राहिली."

मी हे असंच करते, मावशी. बघत राहते. शाळेत इंग्लिशमध्ये बोलायचं, घरी मराठीत, आणि दोन्हीकडे चुकेल म्हणून कमीत कमी. माझ्या मराठीला तू 'हॉस्पिटलातलं जेवण' म्हणायचीस. पचायला हलकं, मीठ नाही. मला राग यायचा, पण मी तो दाखवायची नाही, आणि तरी तुला तो दिसायचा.

तो पोलिश सिनेमा आपल्याकडे आला तो लाँड्री रूममधून. खालच्या मजल्यावरच्या क्रिस्तिना आजी ड्रायरसमोर बसायच्या. त्यांना तू विचारलं होतंस, तुमच्या तरुणपणी तुम्ही लोक कशाला हसायचा? दुसऱ्या दिवशी त्या डीव्हीडी घेऊन दारात उभ्या. काळापांढरा सिनेमा, संवाद पोलिश, खाली इंग्लिश सबटायटल्स. तू दोन मिनिटांत वैतागलीस. "वाचू की पाहू?" म्हणालीस. म्हणून मी हळू आवाजात सबटायटल्स मराठीत सांगायला लागले.

गोष्ट साधी होती. सरकारनं नवी इमारत बांधलीय, पण चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरं करायची राहून गेलीत. प्रत्येक फ्लॅटमध्ये बाथटब आहे, ओटा नाही. मग मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं टोकाच्या एका खोलीत एकाच शेगडीवर स्वयंपाक करतात. ट्रामचा ड्रायव्हर आणि त्याची मोठ्या आवाजाची बायको, नाकाला रुमाल लावणारी डॉक्टरीणबाई, अकॉर्डियन वाजवणारा विद्यार्थी. आणि ती आजी, एकावर एक दोन कोट घालणारी, बाथटबमध्ये बदक पाळणारी. कोबीच्या वासावरून भांडणं, माशाच्या वासावरून भांडणं, फरशीवर खडूनं आखलेल्या हद्दी. मधून मधून सरकारी इन्स्पेक्टर येतो आणि सगळ्यांना विचारतो, तुम्ही समाधानी आहात ना? तो आला की सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहतात. तो गेला की हात काढतात आणि पुन्हा खडू शोधतात.

तू सोफ्यावर ताठ बसलीस. "थांब. हे सगळे एकसारखे कसे बोलून राहिले?"

"सबटायटल्स आहेत मावशी. त्यात सगळे सारखेच असतात."

"आवाज ऐक ना त्यांचा. ही ट्रामवाली कोल्हापूरची आहे. ही डॉक्टरीण दादरची. आणि हा इन्स्पेक्टर कुठला, ते तुला मी काय सांगू? तुझ्याच गावचा."

अशी आपली वाटणी झाली. तू ट्रामवाली, ड्रायव्हर, विद्यार्थी, आजी. मला डॉक्टरीण आणि इन्स्पेक्टर, कारण तुझ्या मते माझा आवाज जन्मजात सरकारी होता. मी कुणासमोर मोठ्यानं वाचलेलंसुद्धा नव्हतं कधी. पण 'आपण सर्व समाधानी आहात, असे मी गृहीत धरतो' हे वाक्य मी माझ्या बिनमिठाच्या मराठीत म्हणाले आणि तू पोट धरून सोफ्यावरून खाली सरकलीस. मावशी, माझ्यामुळे कुणी इतकं हसलंय, असं त्याआधी झालं नव्हतं. हे मी तुला सांगितलं नाही. तुला कळलं असेल असं धरून चालले. मीही गृहीतच धरलं.

त्या आजीला तू तुझ्या आजीचा आवाज दिलास. वऱ्हाडातल्या खेड्यातून नागपूरच्या इंदोऱ्यात आलेली तुझी आजी. तिचं बोलणं सोडून आपल्याकडे तिचं काही उरलं नाही, असं एकदा म्हणाली होतीस. इन्स्पेक्टर बाथरूमच्या दारात उभा राहतो. मी म्हणायची, "आजीबाई, स्नानगृह हे स्नानासाठी असते." आणि तू, अजिबात घाई न करता: "तं ते बी आंघोळच करून राह्यलं ना बापा. तुमी पाठ फिरवा, त्याले लाज वाटते."

कॉम्प्लेक्समधल्या पराग काकांनी हे आपल्या बाल्कनीखालून जाताना ऐकलं. त्यांच्याकडे, अर्ध्या कॉम्प्लेक्सकडे, भारतातून आई-वडील आलेले. गाडी चालवता येत नाही, इंग्लिश अक्षरं पळतात, दिवसभर करायचं काय? "क्लबहाउस बुक करतो," काका म्हणाले. "तुम्ही दोघी फक्त माईकवर बोला. समोसे माझ्याकडे." मी नाही म्हणाले. तू माझ्या वतीनं हो म्हणालीस.

पहिल्या शोला खुर्च्या कमी पडल्या. लोक ट्रामवालीला हसले, इन्स्पेक्टरला हसले. आणि आजी बोलली की हसले. विनोद असो नसो. 'मीठ सरलं वाटते' एवढं तू म्हणालीस तरी हशा. काही वेळानं ती पडद्यावर नुसती आली, तोंड उघडण्याआधीच, मागच्या रांगेत हसू फुटलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू पडद्याकडे बघत होतीस. आवाजात काही फरक केला नाहीस. फक्त माईक दोन्ही हातांनी धरलास.

शो संपल्यावर पराग काका आले. "मावशी, आजीबाई सुपरहिट! ते खेडवळ बेअरिंग काय घेतलंय यार! पुढच्या महिन्यात परत करू, आजी अजून थोडी वाढवा."

"वाढवते ना," तू म्हणालीस. "तिला जेवायलाच वाढते."

मग क्रिस्तिना आजी आल्या. त्या पुढच्या खुर्चीत बसून खालचं पोलिश ऐकत होत्या. त्यांना एकच प्रश्न होता. तुमचे लोक त्या म्हाताऱ्या बाईला का हसत होते? आपण समजावलं, की तिची बोली खेड्यातली दिलीय. त्या गोंधळल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आपण दोघी समोशाची ताटली हातात धरून उभ्याच राहिलो. ती बाई त्या सिनेमातली सगळ्यांत सुंदर पोलिश बोलते. युद्धाआधी तिचं मोठं घर होतं, पुस्तकांच्या खोल्या होत्या, सगळं गेलं, भाषा तेवढी राहिली. आणि इन्स्पेक्टर? तो शेतावरून आलेला, साहेबी बोलायला बघणारा आणि दर वाक्याला अडखळणारा. पोलंडमधली माणसं हसायची ती त्याला.

आपण बरोबर उलटं केलं होतं. दोन कोट आणि एक बदक बघितलं आणि तिला खेड्यात नेऊन ठेवलं. टाय बघितला आणि त्याला पुण्यात.

घरी येताना मी म्हणाले, सोपं आहे, बदलून टाकू. आजीला प्रमाण मराठी देऊ, इन्स्पेक्टरला दुसरं काहीतरी. तू किल्ली लावत होतीस. "म्हणजे आजी तू करणार, आणि मी इन्स्पेक्टर? वा! आली शेवटी सत्ता हातात." मला वाटलं, ठरलं. पण तू गंमत करत होतीस. बदलायला तू तयार नव्हतीस.

महिनाभर चाललेल्या त्या भांडणाचे तुकडे मी रोज जोडून बघते.

"ओरिजिनलमध्ये तिची भाषा रिफाइंड आहे, मावशी."

"रिफाइंड तेल असते बाई."

"तू मुद्दाम करतेस. सिनेमाचा पॉइंटच तो आहे. तिचं सगळं गेलंय आणि तरी ती अशी बोलते."

"मंग माझ्या आजीचं काय जायचं राहिलं होतं? सगळ्यांत सुंदर बोलणारी बाई पाहिजे ना? तेच तं दिलं मी."

"पण लोक हसले. ती बोलायच्या आधी हसले."

"मला माहीत आहे. मी तेथंच बसली होती. म्हणूनच बदलायचं नाही. आज बदललं तं ते म्हणतील, मागच्या वेळी चुकलं होतं, या वेळी दुरुस्त केलं. माझी आजी काय चूक आहे?"

मी म्हणाले, पण असं नाही चालत मावशी, ट्रान्स्लेशन म्हणजे काहीतरी जबाबदारी असते. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तुझंही. हे दोन्ही एका सिनेमात कसं बसवायचं ते मला विचारायचं होतं. तू घड्याळ बघितलंस. "बोलू मंग."

निखिल ऑस्टिनहून आला. तुझ्या बुद्धवंदनेला पांढऱ्या शर्टात मागे उभा राहिला. त्रिशरण त्याला पाठ होतं, पुढचं येत नव्हतं, तिथे तो नुसते ओठ हलवत होता. नंतर पराग काकांनी मला बाजूला घेतलं. "सई, शो कॅन्सल करूया का? नाहीतर तू एकटीच कर, रेग्युलर मराठीत. सिंपल. ते आजीचं वगैरे राहू दे, तुला जमणार नाही." ते चांगल्या मनानंच म्हणत होते. मी 'कॅन्सल करा' म्हणणारच होते. निखिलनं ऐकलं. "वेट, आई आवाज काढायची? स्टेजवर? आय हॅड नो आयडिया. मला बघायचंय."

मावशी, तुझ्या मुलाला तुझं हे माहीत नव्हतं. तू त्याला सांगितलं नव्हतंस. आणि मला ते नुसतं सांगता येण्यासारखं नव्हतं.

दोन दिवस मी किचनमध्ये उभी राहून वाक्यं म्हणत होते. 'राह्यलं' तोंडात बसेना. म्हाताऱ्या बाईसारखा आवाज कापरा करून बघितला, तर ती नक्कल झाली, आणि मला मागच्या रांगेतलं हसू ऐकू आलं. प्रमाण मराठीत म्हणून बघितलं. सुंदर झालं. अगदी क्रिस्तिना आजी म्हणाल्या होत्या तसं. माझं म्हणणं बरोबर होतं याचा पुरावाच. आणि त्यात तू कुठेच नव्हतीस.

शनिवारी दुपारी खुर्च्या भरल्या. शेजारच्या जिममध्ये कुणीतरी ट्रेडमिलवर पळत होतं. निखिल दुसऱ्या रांगेत, क्रिस्तिना आजी पुढे. पराग काकांनी तुझ्याबद्दल चार शब्द सांगितले आणि तुझ्या नावापुढे दोनदा 'हसतमुख' लावलं. तू कपाळाला हात लावला असतास. मग अंधार, मग ती इमारत. ट्रामवालीची कोल्हापुरी मी जेमतेम निभावली. डॉक्टरीण जमली. आणि कॉरिडॉरच्या टोकाला दोन कोट दिसले.

तोपर्यंत माझं ठरलं नव्हतं. खरंच नव्हतं. ती पडद्यावर तोंड उघडते, त्याच्या आत कुठलं तरी वाक्य म्हणायला लागतं, विचार करायला वेळ नसतो. मला शिफ्टवरून आल्यावर बूट काढताना बोलणारी तू आठवलीस. थकलेली, कुणालाच काही करून न दाखवणारी. मी तसं म्हणाले. माझ्या वयात, माझ्याच आवाजात. "मीठ सरलं वाटते."

कुणी हसलं नाही.

ती पुन्हा आली, पुन्हा बोलली. कुणी हसलं नाही. लोक ऐकत होते. मग बाथरूमचा सीन. माझ्याच सरकारी आवाजात मी इन्स्पेक्टरचं वाक्य म्हटलं, आणि त्याला उत्तर द्यायला एवढी मोठी जागा रिकामी होती. ती मी घाई न करता भरली. "तं ते बी आंघोळच करून राह्यलं ना बापा. तुमी पाठ फिरवा, त्याले लाज वाटते." पहिला हसला तो निखिल. मोठ्यानं, तुझ्यासारखा, अंग पुढे टाकून. मग सगळी खोली हसली. हसण्यासारखंच होतं ते.

आता सांग, मावशी. ते आधी हसले नाहीत, ते तुझ्या आजीचं बोलणं त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं म्हणून, की तू गेलीस म्हणून सगळे गप्प बसले होते? मला ठरवता येत नाही. तू दोन्ही बाजूंनी भांडली असतीस.

पराग काका नंतर म्हणाले, "छान झालं हं. पण आज जरा सिरियस नाही वाटलं?" क्रिस्तिना आजींनी माझा हात धरला. त्यांना मराठीचा एक शब्दही कळत नाही. म्हणाल्या, आज तिला बोलताना कुणी मध्ये तोडलं नाही.

एक भांडण अजून आहे, जुनं, शेवटच्या सीनचं. चौथ्या मजल्यावर एकदाचे ओटे येतात. सगळी बिऱ्हाडं आपापली भांडी उचलतात, टोकाची ती खोली रिकामी होते, फरशीवर खडूच्या रेघा तेवढ्या राहतात. ट्रामवाली आजीला विचारते, आता एकट्याच जेवणार तुम्ही, करमेल का? आजी म्हणते, "आंदी दार तं लावून पाहू दे बापा, मंग सांगीन." आणि दार लागतं. संपला सिनेमा.

मी म्हणायचे, किती दुःखी शेवट आहे. मला लहानपणापासून स्वतःची खोली होती. दार लावलं की बाहेरच्यांचे आवाज लांब जायचे, आणि ते उघडून बाहेर जायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तू म्हणायचीस, वेडी आहेस का, याहून सुखाचा शेवट नाही. इंदोऱ्यातल्या तुमच्या घराला दार होतं, पण इतकी माणसं होती की ते लावायची वेळच यायची नाही. आणि पुढे ज्या दारांना तू हात लावलास, ती दुसऱ्यांनी लावून घेतली. "आपलं दार आपण आतून लावायचं," तू म्हणालीस, "ही काय चीज आहे, ते तुले नाही समजायचं." एरवी तू मला 'तुला' म्हणायचीस. त्या दिवशी तुझी आजी मध्ये बोलली असावी.

काल संध्याकाळी निखिलनं विचारलं, आईच्या कपाटातली पांढरी साडी काढून देशील का? त्याला ती सोबत न्यायचीय. त्याला त्या खोलीत जायचं नव्हतं. तो कॉरिडॉरमध्ये उभा राहिला आणि सिनेमातलं वाक्य त्याच्या ऑस्टिनच्या मराठीत पुटपुटत होता, "दार लावून पाहू दे बापा." मला म्हणाला, "ॲम आय सेइंग इट राइट?" मी म्हणाले, हो. आईसारखं नाही, पण हो.

तुझं दार बंद होतं. मी टकटक केली आणि थांबले. निखिल माझ्याकडे बघत होता. मी थांबूनच राहिले, जेवढं नेहमी थांबायची तेवढं. मग आत गेले, साडी काढली, तुझा चष्मा उशीशेजारी होता तिथेच ठेवला, आणि बाहेर आले.

शेवट सुखाचा की दुःखाचा, ते मला अजून कळलेलं नाही, मावशी. आधी तुझं दार लावून पाहते. मग सांगते.